७५ ग्रॅम ग्लुकोज कुठे गेलं?

उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ६.१. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर त्याला पूर्वमधुमेह म्हणतात, म्हणजे माझे दोन्ही आकडे त्यात बसत होते. फोंड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, पण गोळी काही लिहून दिली नाही. म्हणाले, "टीचर, आधी जीटीटी, म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, करून घेऊया. साखर पोटात गेल्यावर तुमचं शरीर तिचं काय करतं ते मला बघायचंय."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. पचन, रक्ताभिसरण, श्वसन हे तीन धडे वर्षानुवर्षं शिकवत आलेय. पण पुस्तकात ते सुटे सुटे येतात. एक संपतो, चाचणी होते, चवथीची सुट्टी लागते, मग दुसरा सुरू होतो. घास आतड्यापर्यंत पोचला की पचनाचा धडा संपला, हृदयाचे चार कप्पे काढले की अभिसरण संपलं. या तपासण्यांच्या निमित्ताने हे तिन्ही धडे मला एकाच शरीरात, एकाच वेळी चाललेले दिसले.

गोव्यात हा विषय घरोघरचा आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के निघालं आणि गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत जास्त, म्हणजे चौघांमागे एक! आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की सोबत गोळ्यांची पाकिटं निघतात. कुणाची फास्टिंग किती आणि पीपी, म्हणजे जेवणानंतरची, किती हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. ती साखर येते कुठून आणि जाते कुठे, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

जीटीटीसाठी रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. सकाळी लॅबमध्ये आधी एकदा रक्त घेतात. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून हातात देतात आणि ते पाच मिनिटांत संपवायचं असतं. पहिले दोन घोट बरे वाटतात, पुढे तो चिकट गोडवा घशाला बिलगून बसतो. मी पर्समधून पुस्तक काढून बाहेरच्या गॅलरीत शतपावली घालावी म्हणून उठले, तशी लॅबमधली मुलगी धावत आली. "टीचर, चालायचं नाही हां. दोन तास इथेच बसायचं. चहा पण नाही." मी विचारलं, का गं? "तसं सांगितलंय," एवढंच तिला ठाऊक होतं. त्या एका 'का'चं उत्तर पुढे मला फर्मागुडीच्या चढावर मिळालं. ते ओघाने सांगेनच.

बसल्या बसल्या मी हिशेब केला. अंगात रक्त साधारण पाच लिटर. उपाशी असताना आकडा शंभराच्या आसपास, म्हणजे १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम, लिटरमागे ग्रॅमभर ग्लुकोज. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून पाचच ग्रॅम, एक चमचाभर. आणि मी आत्ता प्यायले त्याच्या पंधरापट. हे सगळं रक्तातच राहिलं असतं तर आकडा दीड हजारावर गेला असता आणि मी खुर्चीत बसून हिशेब करत राहिले नसते. दोन तासांनी प्रत्यक्षात आला १६२. तो १४०च्या आत हवा होता, म्हणून रिपोर्टवर खूण झाली. पण मला त्या वरच्या बावीसापेक्षा बाकीच्या साखरेचं नवल वाटत राहिलं. दीड हजार होऊ शकले असते ते दीडशेच्या आसपास कुणी आणि कसे आणले?

पहिली पायरी लहान आतड्याची. भात-पाव खाल्ला तर त्यातल्या पिष्टाच्या लांब साखळ्या आधी तोडाव्या लागतात. ते काम तोंडातल्या लाळेपासून सुरू होतं. ग्लुकोज मात्र तयारच असतं. आतड्याच्या पेशी त्याला सोडियमबरोबर जोडीने आत ओढतात. जुलाबात आपण देतो त्या ओआरएसमध्ये मिठासोबत साखर असते ती याचसाठी. ही जोडी आत शिरते आणि तिच्यामागोमाग पाणी शिरतं. आतड्यातून निघालेलं रक्त हृदयाकडे थेट जात नाही, एका वेगळ्या शिरेतून आधी यकृतात जातं. जेवणातल्या साखरेवर पहिला हात यकृताचा. आपल्या वाटणीचं ते ठेवून घेतं आणि उरलेलं पुढे सोडतं. तोवर आतड्यातून सुटलेल्या संप्रेरकांनी स्वादुपिंडाला वर्दी दिलेली असते आणि इन्शुलिन निघालेलं असतं. मग हृदय, फुप्फुसं, पुन्हा हृदय आणि तिथून सगळीकडे. या उरलेल्या साखरेचा मोठा वाटा जातो स्नायूंत. इन्शुलिन पोचलं की स्नायूपेशीच्या आत दडलेले ग्लुकोजवाहक पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. आत तिच्या पुन्हा साखळ्या होतात, ग्लायकोजेनच्या. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम असा तो साठा असतो.

रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी टेबलावरच्या कागदावर आकृती काढली. "इन्शुलिन तुमचं आटलेलं नाही. स्नायू त्याचं पूर्वीसारखं ऐकत नाहीत, एवढंच. आत्ताच कामाला लावले तर पुन्हा ऐकू लागतील." मग त्यांनी साखर सतत मोजणारा सेन्सर सुचवला.

दंडाच्या मागच्या बाजूला नाण्याएवढी चकती बसवतात. खटकन आवाज होतो, दुखत जवळजवळ नाहीच. तिच्यातला केसासारखा तंतू कातडीखाली राहतो. त्यावरच्या विकराची (एन्झाइमची) ग्लुकोजशी क्रिया होते, तिच्यातून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि मोबाइलवर रेघ उमटते. सेन्सर दोन आठवडे चालतो. तो रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. पहिल्याच रात्री साखर एकदम ५८ दाखवून मोबाइल किंचाळला. घर जागं झालं, सासूबाई गुळाचा खडा घेऊन आल्या. मला ना घाम, ना थरथर. सकाळी डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "त्याच कुशीवर झोपला होता का?" दंड दबला की तिथला द्रव हलत नाही आणि खोटा आकडा येतो. सेन्सर लावणाऱ्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

नंतरच्या रात्री मी दुसऱ्या कुशीवर झोपले आणि मग जी रेघ दिसली ती मला सगळ्यात विलक्षण वाटली. रात्री नऊनंतर पोटात काही नाही. मेंदू तर दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज वापरतो आणि झोपेतही थांबत नाही. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जेचा पाचवा हिस्सा त्याचा. रक्तातलं चमचाभर ग्लुकोज तासाभरातच संपायला हवं. तरी रेघ रात्रभर नव्वदीच्या घरात जवळजवळ सरळ. यकृत आपला साठा मोडून थेंबाथेंबाने रक्तात साखर सोडत होतं. साठा कमी होत जातो तसं ते नवी साखर घडवतंही, स्नायूंकडून आलेल्या लॅक्टेटपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून, प्रथिनांच्या तुकड्यांपासून. स्नायूंतला साठा यकृताच्या चौपट, पण तो रक्तात परत येऊ शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं विकर स्नायूंत नसतं. स्नायूत गेलेली साखर ज्याच्या त्याच्या वापरालाच. म्हणून रात्रीची सगळी जबाबदारी एकट्या यकृतावर.

पहाटे पाचच्या सुमाराला रेघ हळूहळू शंभराच्या वर चढायची. खाल्लेलं काही नाही, डोळे अजून मिटलेले. उठायच्या आधी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत जास्त साखर सोडतं. माझ्या उपाशीपोटीच्या १०४मध्ये आदल्या रात्रीच्या जेवणापेक्षा या पहाटेच्या कामाचा वाटा मोठा असावा असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. "उद्या टेस्ट आहे" म्हणून रात्री नुसतं ताक पिऊन झोपणाऱ्या आमच्या सगळ्या मैत्रिणींना मी तेव्हापासून हे सांगत असते.

सकाळी आमच्या वाड्यावर पदेर हॉर्न वाजवत सायकलवरून येतो. एखाद्या क्षणी त्याच्या टोपलीत किती पाव आहेत ते मोजलं, तर गावात किती पाव खपले आणि कुणाच्या घरी किती गेले हे काही कळणार नाही. रक्तातल्या साखरेचा आकडा तसा आहे. तो वाटेवरचा माल आहे. भट्टीतून निघतंय किती आणि दारादारांत उतरतंय किती, हे दोन्ही त्याच्या मागे असतं. टोपली भरलेलीच राहत असेल तर दारं उघडतायत का तेही बघायला हवं. डॉक्टर मला जे सांगत होते ते इथे पुरतं उमगलं.

खाण्याचं बोलायचं तर मी मुद्दाम काहीही सोडलं नाही. पाव-पातळभाजी, शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), शनिवारची मुगांगाठी, एका सणाला मणगणं, सगळं नेहमीसारखं खाल्लं आणि रेघ बघत राहिले. नुसत्या पावाने ती भरभर चढायची आणि तशीच उतरायची. बांगड्याचं हुमण आणि भाजी आधी, भात मागाहून, असं जेवलं की चढ बुटका व्हायचा, पण लांबायचा. नारळाच्या रसातलं स्निग्ध आणि माशातली प्रथिनं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात. स्निग्धाचा स्वतःचा प्रवास सेन्सरला दिसतच नाही. जेवणातला बहुतेक स्निग्धांश आतड्यातून यकृताकडे न जाता लसीकावाहिन्यांतून वर चढतो आणि मानेजवळ रक्तात मिसळतो. तेव्हा मोबाइलवरची रेघ ही निम्मीच गोष्ट, हे ध्यानात ठेवूनच मी ती वाचत होते.

उकड्या तांदळाबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. सासूबाई आयुष्यभर सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि मिसकूट खात आल्या. "सुरय (न उकडलेल्या) तांदळाने पोट भरतं, अंगात बळ येत नाही," असं त्या म्हणतात. उकडताना दाण्यातलं पिष्ट एकदा शिजतं, निवताना घट्ट होतं आणि त्याचा काही भाग मग सहज पचत नाही. माझ्या रेघेतही उकड्याचा चढ थोडा सौम्य दिसला. एका दंडावरच्या एका सेन्सरचा हा अनुभव, त्यापलीकडे दावा नाही. पण बळाची गोष्ट वेगळी आहे आणि ती पक्की आहे. टरफलासकट भात उकडताना कोंड्यातलं बी-वन जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं, मग पॉलिश केलं तरी बरंचसं टिकतं. ग्लुकोज पेशीत गेल्यावर त्याचे आधी दोन तुकडे होतात. ते तुकडे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या चक्रात, क्रेब्जने १९३७ साली मांडलेल्या चक्रात, शिरायचे तर बी-वन लागतंच. ते नसेल तर साखर पेशीच्या दारापर्यंत येऊनही पुरती जळत नाही. जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरांना नुसता पॉलिश केलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या पाय लुळे पडून बसलेल्या दिसल्या, त्यामागे हेच होतं. बेरीबेरीचा उलगडा तिथून सुरू झाला आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय सांगत होते?"

स्नेहसंमेलनाच्या सकाळची रेघही सांगण्यासारखी. कोरा, बिनसाखरेचा चहा घेऊन शाळेत गेले. पडदा अडकलेला, प्रमुख पाहुणे रस्त्यात, नाटकातला शिवाजी तापाने घरी. साडेनऊला साखर १४१. न खाता! ॲड्रेनलिन सुटलं की यकृत साठा मोकळा करतं, धावायला किंवा लढायला लागेल म्हणून. मी धावलेही नाही आणि लढलेही नाही, फाइल धरून उभी होते, त्यामुळे ती साखर तशीच फिरत राहिली. आमच्या कामाच्या ताणाबद्दल कुणी 'हे मनाचे खेळ' म्हणालं की मला ती रेघ आठवते.

आता फर्मागुडी. रविवारी दुपारी शीत-हुमण खाऊन आधी एकदा नेहमीसारखी सोफ्यावर बसले. रेघ तासाभरात १७०च्या पुढे. पुढच्या रविवारी तेच जेवण, तेवढाच भात. अर्ध्या तासाने नवऱ्याला घेऊन निघाले, फोंड्याहून चढाच्या रस्त्याने गोपाळ गणपतीपर्यंत.

चढाला लागताना पहिली काही पावलं श्वास न वाढता पडतात. स्नायूत तयार एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, असतं ते दोन-तीन सेकंद पुरतं, मग फॉस्फोक्रिएटिन ते पुन्हा भरून देतं, तेही दहाएक सेकंद. हे फॉस्फोक्रिएटिन १९२७ साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर शोधलं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, आंध्रातल्या भीमावरमच्या माणसाने. एटीपीही त्या दोघांनी १९२९ साली वेगळं केलं, त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. यंदापासून मी ते फळ्यावर लिहिते.

वळणावर दम लागला. नाडी मोजली, १२६. हृदय आता बसल्या वेळेच्या कितीतरी जास्त रक्त मांड्यांकडे ढकलत होतं, आणि मांड्यांच्या पेशी त्यातून ग्लुकोज आणि प्राणवायू दोन्ही उचलत होत्या. ग्लुकोजचे दोन तुकडे करून एका रेणूमागे निव्वळ दोनच एटीपी मिळतात, प्राणवायूने पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. एवढ्या फरकासाठी छाती भाता चालवत असते. प्राणवायू शेवटी पाणी होतो, कार्बन श्वासातून बाहेर जातो. वजन उतरतं तेव्हा चरबी घामातून जाते असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात दहा किलो चरबी जळली तर साडेआठ किलोच्या जवळपास वस्तुमान कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जातं, बाकीचं पाणी होतं.

देवळाजवळ पोचून मोबाइल लावला. १२८, आणि बाण खाली. तोच भात होता. लॅबमधल्या मुलीने मला गॅलरीत फिरू दिलं नव्हतं ते का, हे तिथे समोर दिसलं. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट बघत नाही. हालचालीनेच त्याचे ग्लुकोजवाहक पृष्ठभागावर येतात. माझे स्नायू इन्शुलिनचं कमी ऐकत होते, पण चढाचं बरोबर ऐकत होते. लॅबमध्ये मी चालले असते तर साखर याच वाटेने निघून गेली असती आणि रिपोर्ट उगाच चांगला आला असता.

त्यानंतर जेवणानंतरचं चालणं सुटलेलं नाही. शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा तास वरच्या मजल्यावर मागून घेतलाय. डॉक्टरांनी मांड्यांचे व्यायामही दिले, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून अर्धं बसणं. पन्नाशीनंतर, बायकांत तर पाळी गेल्यावर, स्नायू झपाट्याने झिजतात, आणि साखर ठेवायची सगळ्यात मोठी जागा तीच. वजनकाट्यावर माझा आकडा फारसा हलला नाही याची त्यांना चिंता नव्हती. त्यांनी काटा बघितलाच नाही, मला पाच वेळा उठायला-बसायला लावून घड्याळ लावलं.

एचबीएवनसी लगेच करायची घाई त्यांनी करू दिली नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते हा आकडा सांगतो, त्यामुळे तीन महिने थांबल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. थांबले. ५.८ आला. अजून पट्ट्याच्या आतच, पण उतरतीला. सेन्सर परत लावायचा का म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले गरज नाही, सहा महिन्यांनी या. सासूबाईंना मात्र एकदा स्वतःच्या दंडावर लावून बघायचाय. त्यांची गोळी चालू आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून चवथीनंतर लावायचं ठरलंय.